मीठ हललं

[ मीठ, एक किलो : २४.०० ]

ज्योत्स्ना कोठावदे सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी गेली. सात वाजता दारात पहिला माणूस आला, तो रडायला नव्हे, विचारायला.

"शेठ, वाईट झालं. लय वाईट झालं." भूषण अमृतकर पायरीखालीच उभा होता. अंगात 'सुकाळ'चा पिवळा शर्ट. "वहिनी म्हणजे आमच्या... जाऊ द्या. शेठ, दुकान किती वाजता उघडून राहिले?"

हेमराज कोठावदे त्याच्याकडे नुसता पाहत राहिला. आतल्या खोलीत त्याच्या बायकोचा हात अजून गार पडला नव्हता.

"आज?"

"अर्धंच उघडा. तुम्ही नका बसू. मी बसतो ना, रजा टाकतो. फक्त शटर तेवढं वर..."

"भूषण, तुझे वडील गेले तेव्हा मी काय केलं होतं?"

भूषणची नजर बंद शटरकडे गेली.

धामणवेलच्या जुन्या पेठेची रीत होती. गल्लीत कुणीही जावो, गरीब, श्रीमंत, हिंदू, मुसलमान, मयत नाक्यापलीकडे जाईपर्यंत शटर खाली. आणि दुकानदाराच्या घरातलंच माणूस गेलं, तर त्याचं दुकान तीन दिवस बंद. एकेचाळीस दुकानांची शटरं एकामागून एक कोसळायची, घडघड, घडघड, पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणाला काही सांगावं लागत नसे. भूषणचे वडील गेले तेव्हा पहिलं शटर हेमराजनं ओढलं होतं. समोरासमोर दोघांची किराणा दुकानं, वीस वर्षं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवली, पण शटर पहिलं त्यानंच ओढलं.

आता पेठेत ओढायला एकच शटर उरलं होतं. त्याचं स्वतःचं.

"आज ते तिच्यासाठी बंद राहील," हेमराज म्हणाला. "तीन दिवस."

"तीन दिवस?" भूषण एकदम पायरी चढून वर आला. "शेठ, तीन तासांवर गाव तग धरणार नाही. तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. धामणवेलमध्ये हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

[ मीठ, एक किलो : २४.०० ]

सुकाळ महाबाजार बायपासला उभा राहिला त्याला सहा वर्षं झाली. तीन जिनिंग मिल मावतील एवढी शेड, आत गारवा, गावातून न्यायला-आणायला फुकट बस. हेमराजला ज्या भावात ठोक तूरडाळ मिळायची त्याहून कमी भावात तिथे किरकोळ मिळू लागली. लोक गेले. जाणारच. हेमराजची बायकोसुद्धा एकदा डोक्यावरून पदर घेऊन जाऊन आली होती आणि "टाचणीपासून टीव्हीपर्यंत आहे हो," असं सांगून त्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

पहिल्या वर्षी भांडीवाले गेले.

दुसऱ्या वर्षी चपलांची दोन्ही दुकानं, कापडवाले, औषधाचं दुकान.

तिसऱ्या वर्षी रज्जाकभाईंचं बांगड्यांचं दुकान, आणि भूषण. भूषणनं सकाळी स्वतःचं दुकान विकलं आणि दुपारी सुकाळमध्ये ट्रॉल्या गोळा करायच्या नोकरीचा अर्ज भरला.

चौथ्या वर्षाच्या शेवटी फक्त हेमराज.

मग देवठाण्याची बातमी आली. पलीकडच्या तालुक्यातलं गाव, तिथेही सुकाळ. तिथला शेवटचा दुकानदार मुलाकडे सुरतेला निघून गेला. त्याच संध्याकाळी खाद्यतेल दीडपट झालं, बाळाच्या दुधाची पावडर दुप्पट, रक्तदाबाच्या गोळ्या अडीचपट. चिडून दोघा जणांनी पुन्हा दुकान उघडलं. दुसऱ्याच दिवशी भाव पडले, दुकान महिन्यात बसलं, आणि भाव परत चढले.

हे कुणी माणूस करत नव्हता. इथे वसावे सरांना आणायला हवं. हायस्कूलला तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, स्वभावानं तुसडे, पण आकडा दिसला की सोडायचे नाहीत. त्यांनी चाळीस दिवस सुकाळमध्ये फेऱ्या मारून फळीवर लावलेल्या, आपोआप बदलणाऱ्या काचेच्या चिठ्ठ्यांवर उमटणारे भाव वहीत उतरवले आणि मग चौकात गावाला बोलावून सांगितलं:

"भाव एक शिकणारं यंत्र ठरवतं. कंपनी त्याला दरसूत्र म्हणते. त्याला नियम दिलेले नाहीत, फक्त इच्छा दिलेली आहे: या गावातून दहा वर्षांत मिळून जास्तीत जास्त नफा. कसा, ते त्याचं त्यानं शोधायचं. म्हणून ते चाचपडतं. भाव जरा वर, जरा खाली, आणि दर वेळी आपण काय करतो ते बघतं. आपले मोबाइल पेठेत किती वेळ थांबतात, शेठच्या दारातल्या क्यूआरच्या पाटीवर किती लोक पैसे पाठवतात, उपग्रहाच्या फोटोत शेठच्या ओट्यावर पोती दिसतात का, सगळं मिळून ते एकच आकडा काढतं. या लोकांना दुसरीकडे जायला जागा आहे का? धरणात पाणी किती चढतं? भिंत जिथे सगळ्यात ठेंगणी, तिथवर. ती ठेंगणी जागा म्हणजे शेठचं दुकान. ती बुजली की पाणी चढलंच."

"पण बंद झालं हे त्याला कळतं कसं?" कुणीतरी विचारलं.

"मिठावरून. मीठ महागलं म्हणून कुणी आमटी अळणी करत नाही, स्वस्त झालं म्हणून चमचाभर जास्त घालत नाही. मिठाचा खप भावानं हलत नाही. हललाच, तर अर्थ एकच, लोक दुसरीकडून घेत आहेत. म्हणून दिवसा सलग तीन तास पेठ मेल्यासारखी वाटली की ते आधी मीठ एका रुपयानं वाढवून बघतं. लोकांनी निमूट घेतलं, की तासाभरात बाकी सगळं."

गावानं त्या यंत्राचं नाव दरोबा ठेवलं. नारळ फोडायचा तेवढा बाकी होता.

"मग सोपं आहे," रज्जाकभाई म्हणाले होते. "सगळ्यांनी शेठकडूनच माल घ्यायचा."

टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी हेमराजच्या दुकानात दोन माणसं आली, त्यातला एक पत्ता विचारायला. त्याच्याकडे तूरडाळ किलोला तीस रुपयांनी महाग होती ना. टाळ्या वाजवणं वेगळं.

शेवटी गावानं पाळ्या लावल्या. पाण्याच्या पाळ्या असतात तशा.

*सोमवार, ८ ते ८.३० : भोई, सैंदाणे, बागूल.*
*सोमवार, ८.३० ते ९ : तडवी, शिरसाठ, दोन्ही मगरे.*
*मोबाइल चालू ठेवून ओट्यावर उभं राहायचं. पिशवी भरलेली दिसावी म्हणून आत रद्दी भरून आणायची. मीठ सगळ्यांनी शेठकडूनच घ्यायचं. बाकी ज्याची त्याची मर्जी.*

असं हेमराजचं किराणा दुकान मिठाचं दुकान झालं. गाव रोज त्याच्या ओट्यावर यायचं, हसायचं, हवापाण्याचं बोलायचं, मिठाचा पुडा घ्यायचं आणि तिथूनच फुकटच्या बसमध्ये बसून सुकाळला जायचं. गावाचे भाव त्याच्या शटरवर टांगलेले होते, आणि त्या शटरखाली तो.

[ मीठ, एक किलो : २४.०० ]

ज्योत्स्नाची दोन्ही मूत्रपिंडं दीड वर्षापूर्वी थकली. आठवड्यातून तीनदा धुळ्याला जाऊन रक्त धुऊन घ्यायचं. साठ किलोमीटर, सकाळची बस, चार तास यंत्राला जोडून पडायचं, संध्याकाळची बस. मुलगी, कृतिका, नाशिकला नोकरीला. ती दर रविवारी फोनवर एकच सांगायची, "पप्पा, दुकान बंद करा आणि मम्मीला घेऊन इकडे या. माझ्या घरापासून दवाखाना दहा मिनिटांवर आहे."

हेमराजनं एकदा तयारीही केली होती. त्या संध्याकाळी सगळं गाव ओट्यावर आलं. कुणी पाया पडलं, कुणी शपथा घातल्या. लताबाई भोईनं नातवालाच त्याच्या पुढ्यात ठेवलं. सून बाळंतपणात गेलेली, पोर डब्याच्या पावडरीवर. "याला काय पाजू ते सांगून जा शेठ." मग चौकात सभा भरवून गावानं हेमराजला शाल आणि श्रीफळ दिलं.

घरी आल्यावर ज्योत्स्ना म्हणाली, "शाल मला द्या. एकटीला बसमध्ये थंडी वाजते."

ती चेष्टेत म्हणाली. तिचं बरंचसं बोलणं चेष्टेत असायचं, त्यामुळे हेमराजला बरं पडायचं. दिवाळीनंतर बघू, तो म्हणायचा. मग संक्रांतीनंतर. मागच्या आठवड्यात तिनं विचारलं, एक दिवस माझ्याबरोबर चला, फक्त एक दिवस, चक्कर येते हो स्टँडवर. त्यानं भिंतीवरचा पाळ्यांचा कागद दाखवला. शनिवार, आठ ते साडेआठ, अमुक. साडेआठ ते नऊ, तमुक.

तिनं चष्मा लावून अख्खा कागद वाचला.

"यात माझी पाळी कधी?"

शनिवारी ती स्टँडवर जाऊन परत आली. गर्दीत चढता आलं नाही. हेमराजला तिनं सांगितलंच नाही, तो ओट्यावर मगऱ्यांशी कापसाच्या भावाचं बोलत होता. सोमवारी सकाळी पायांवर सूज, छातीत पाणी, आणि सहा वाजून पन्नास मिनिटं.

[ मीठ, एक किलो : २४.०० ]

नऊ वाजेपर्यंत अंगणात साठ-सत्तर माणसं जमली. बायका आत ज्योत्स्नाजवळ. बाप्ये बाहेर, तिरडीच्या बांबूंजवळ, आणि सगळ्यांची नजर फिरून फिरून दुकानाच्या बंद शटरवर.

"शेठ, आमचं ऐका," एक जण म्हणाला. "शेवटी वहिनींना तरी आवडलं असतं का, गावाचे हाल झालेले?"

"आवडलं असतं," हेमराज म्हणाला.

कुणी हसलं नाही. तो चेष्टा करत नव्हताच.

लताबाई आतून बाहेर आली, रडून डोळे सुजलेले, आणि तरीही तिनं हात जोडले. "भाऊ, तिला मीच आंघोळ घालून राहिले आता. माझ्या हातानं. पण डब्यात दोन दिवसांची पावडर आहे."

हेमराजला तिचा राग आला असता तर बरं झालं असतं. आला नाही. त्यानं खिशातली किल्ली मुठीत घट्ट धरली, इतकी की दाते तळव्यात रुतले.

"पस्तीस वर्षं," तो म्हणाला, "या गल्लीत मेलेल्या प्रत्येकासाठी मी शटर ओढलं. ती हयातभर या शटरमागे राहिली. आज वर करणार नाही. काय व्हायचं ते होऊ द्या."

सव्वादहाला कृतिका नाशिकहून आली. आईकडे जायच्या आधी तिनं शटर पाहिलं आणि बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "एवढं तरी केलंत." त्या 'तरी'मध्ये सगळं होतं.

पावणेअकराला तिरडी उचलली. पेठेतून जाताना दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षं न उघडलेली दुकानं. हेमराज पुढे, हातात विस्तवाचं मडकं. खांदेकरी वळणावर बदलले तेव्हा त्यानं मागे वळून पाहिलं. पुढच्या डाव्या खांद्याला बागूल होता. त्याच्या शर्टाच्या खिशातून कापडी पिशवीचा बंद लोंबत होता. उजवीकडच्याच्याही खिशात घडी. मागच्यांच्याही.

सगळ्यांनी पिशव्या आणल्या होत्या.

[ मीठ, एक किलो : २५.०० ]

नदीकाठच्या निंबाखाली विसावा. तिरडी खाली ठेवायची, खांदे बदलायचे, मग वाळूतून पलीकडे. वाळूत गाडी चालत नाही, म्हणून धामणवेलमध्ये अजून माणूस माणसाच्या खांद्यावरूनच जातो.

तिरडी टेकली आणि सत्तर खिशांत एकदम मोबाइल थरथरला.

*मीठ हललं.*

सुकाळमध्ये मिठाच्या भावावर लक्ष ठेवायला गावानं पाळीवर उभ्या केलेल्या बाईनं पाठवलेला निरोप. दोनच शब्द.

एक जण लघवीला म्हणून झाडामागे गेला. दुसऱ्याला घरी गॅस चालू राहिल्याचं आठवलं. तिघं जण फोन कानाला लावून लांब जात जात एकदम चालायला लागले. मग लाज कमी झाली. मग पळापळ. एका तासात तेल, डाळ, पावडर, गोळ्या, सगळं चढणार, आणि आपण इथे! धूळ उडाली. बागूल जाताना तिरडीच्या पाया पडून गेला.

राहिले तिघं: वसावे सर, रज्जाकभाई, कृतिका. आणि मडकं धरलेला हेमराज. आणि जरा लांब, जाऊ का नको करत, भूषण.

"भूषण, ये," सर ओरडले. "चौथा हो. मडकं धरलेल्याला खांदा देता येत नाही."

"सर, आईच्या गोळ्या आहेत. अडीचपट म्हणजे... मला पगार किती आहे तुम्हाला माहीत आहे ना?" तो रडत होता. पण आला नाही.

"तिघं उचलू," कृतिका म्हणाली.

पुढे ती आणि रज्जाकभाई, मागे मधोमध एकटे सर, बहात्तर वर्षांचे. दहा पावलं गेले. अकराव्याला वाळू लागली, सरांचा गुडघा वळला, तिरडी कलली आणि ज्योत्स्नाचा हात पांढऱ्या कापडातून बाहेर लोंबला. कृतिका किंचाळली. कसंबसं खाली ठेवलं. रज्जाकभाईंनी तो हात हळूच आत सरकवला, वर्षानुवर्षं गावाच्या बायकांचे हात बांगड्या भरताना धरायचे तसा धरून.

"मी माणसं बघून येतो," ते म्हणाले.

"कुठून?" सर वाळूत बसूनच म्हणाले. "सगळं गाव रांगेत असेल."

ऊन चढत होतं. कृतिकानं ओढणी दोन हातांत ताणून आईच्या तोंडावर सावली धरली. पाच मिनिटं. दहा. मडक्यातला विस्तव विझू नये म्हणून हेमराज फुंकत होता आणि राखेनं त्याचे डोळे चुरचुरत होते. पंधरा. एक माशी आली. कृतिकानं हाकलली. परत आली.

हेमराजनं किल्ली काढली.

"पप्पा, नाही."

"कृतिका..."

"नाही! दीड वर्ष हेच ऐकलं तिनं. आज तरी नाही. मी हवं तर एकटी ओढत नेते तिला."

"ओढत?" हेमराजचा आवाज फाटला. "माझ्या बायकोला वाळूतून ओढत?"

कृतिकाचे हात खाली आले. ऊन आईच्या तोंडावर पडलं, तशी तिनं ते घाईनं परत वर केले आणि तोंड फिरवलं.

भूषण अजून बांधाशीच घुटमळत होता. हेमराज मडकं घेऊनच त्याच्याकडे धावला. चपला वाळूत राहिल्या. त्यानं किल्ली पुढे केली.

"जातोच आहेस तर शटर वर कर. पूर्ण. पोती ओट्यावर ठेव. रांगेतल्या बायकांना सांग, पेठेत येऊन मीठ घ्या, पाटीवर पैसे पाठवा. आणि बाप्यांना..." त्याला पुढचं वाक्य सापडेना. "बाप्यांना म्हणावं, शेठनं दुकान उघडलंय. आता या."

भूषणनं किल्ली घेतली. शेठकडे बघवत नव्हतं, म्हणून त्यानं बघितलं नाही. धावत सुटला.

[ मीठ, एक किलो : २५.०० ]

[ मीठ, एक किलो : २५.०० ]

[ मीठ, एक किलो : २४.०० ]

बारा वाजून दहा मिनिटांनी सरांचा मोबाइल थरथरला. त्यांनी तो न बघताच खिशात ठेवला.

मग बांधावरून माणसं येताना दिसली. पहिल्यांदा चार, मग दहा-बारा. भराभर चालत, मान खाली. प्रत्येकाच्या दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या. बागूलच्या डोक्यावर तेलाचा डबा. ते विसाव्यापाशी थांबले आणि एकमेकांकडे बघू लागले. पिशव्या ठेवायच्या कुठे? वाळूत ठेवल्या तर कुत्री. नेल्या तर खांदा कसा द्यायचा?

"निंबाखाली ठेवा," कुणीतरी हळू म्हणालं. "एक जण राखायला बसा."

"मी बसतो," तिघं एकदम म्हणाले.

त्यातला एक बसला. बाकीचे पुढे आले. चार खांदे सहज मिळाले, आठ मिळाले असते. तिरडी उचलली गेली, नीट, सरळ, कुठेही न कलता. कृतिका तिच्यामागे चालू लागली. बापाच्या शेजारून जाताना ती थांबली नाही.

हेमराज पुढे व्हायला वळला, तेवढ्यात बागूल जवळ आला. हातात तुपाची बरणी. "शेठ, घाईत चितेचं तूप राहिलं होतं ना? मी आठवणीनं घेतलं." त्यानं बरणी पुढे केली आणि, चांगल्याच भावनेनं, खरोखर चांगल्याच भावनेनं, म्हणाला, "जुन्या भावात मिळालं."

हेमराजनं मडकं डाव्या हातात घेतलं, उजव्या हातानं बरणी घेतली, आणि अनवाणी वाळूत उतरला.